अण्णांचं पांढरं, भाच्याचं कच्चं आणि गच्चीवरचं इंडक्शन

रामबागची_सून

विषय घरगुती आहे, पण इथे जाणकार बरेच, म्हणून विचारते.

आमचं घर इंदुरात, रामबागेत. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही. गेल्या दिवाळीनंतर सासऱ्यांचं (अण्णा, वय ७४) डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिलं, रोज तीन अंड्यांचं फक्त पांढरं. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. शेवटी तोड निघाली. अंडी गच्चीवर शिजतील, जुन्या इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात, आणि ते पातेलं जिना उतरणार नाही.

त्यातच नणंदेचा मुलगा भंवरकुव्याला क्लास लावून आमच्याकडे राहायला आला. सकाळी जिम, आणि आल्या आल्या सहा अंड्यांचं पांढरं कच्चंच दुधात फेटून एका दमात पितो. म्हणतो, "मामी, शिजवलं की प्रोटीन मरतं." दुपारी तो ज्या खोलीत अभ्यासाला बसतो तिथे दुसरं कुणी बसू शकत नाही, एवढंच लिहिते.

अण्णांची तक्रार अशी की हे रबर चावायला दात आणू कुठून. सासूबाईंची तक्रार, वास जिन्यावरून थेट देवघरात येतो. आणि मी पातेलं लावून खाली येते, पोळ्या करते, आठवण झाली की वर पळते. तोवर अर्धा तास सहज होतो.

तर प्रश्न एवढाच: शिजवल्याने पांढऱ्यातलं सत्त्व जातं का? आणि कसं शिजवलं तर ते अण्णांना पचेल आणि सासूबाईंना चालेल?

छप्पनप्रेमी

ताई, छप्पन दुकानवर बेंजो खाऊन या. पावात गरम आमलेट, वरून चटणी. सगळं पचतं, सासूबाईंना सांगू मात्र नका.

टेस्टट्यूबकाका

सूनबाई, मी तीस वर्षं जीवरसायन शिकवलं, तेव्हा भाच्याचं वाक्य आधी घेतो. "शिजवलं की प्रोटीन मरतं" हे दर वर्षी पहिल्या बाकावरून एक तरी मुलगा म्हणायचा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. कच्च्या पांढऱ्यात ती साखळी सुतळीच्या घट्ट गुंडीसारखी गुंडाळलेली असते. उष्णता लागली की गुंडी सुटते आणि सुटलेल्या सुतळ्या एकमेकींत अडकून जाळं होतं. पारदर्शक चिकट द्रव पांढरा घट्ट होतो तो असा. साखळी तुटत नाही, अमिनो आम्लं जिथल्या तिथे असतात. उलट आपल्या पोटातल्या पाचकरसांना सुटी सुतळी कापणं सोपं जातं, घट्ट गुंडीचं टोकच सापडत नाही. पांढऱ्यातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा ओव्हाल्ब्युमिनचा, आणि ते कच्चं असताना पाचकरसाला सहजी दाद देत नाही. त्यात भर म्हणजे ओव्होम्युकॉइड, ज्याचं कामच ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणं. कोंबडीने ते अंड्यात घातलं ते पिल्लाच्या संरक्षणासाठी, आपल्या जिमची तिला काय कल्पना.

आकडा हवा असेल तर आहे. १९९८ साली बेल्जियममध्ये लूव्हेनच्या संशोधकांनी पाच रुग्णांना अंड्याचं प्रथिन एकदा कच्चं आणि एकदा शिजवून दिलं. या रुग्णांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटावर बाहेर काढलेलं होतं, त्यामुळे काय पचलं आणि काय तसंच पुढे आलं ते थेट मोजता येत होतं. शिजवलेलं सुमारे ९१ टक्के पचलं. कच्चं ५१ टक्के. पुढच्या वर्षी त्यांनीच निरोगी माणसांवर वेगळ्या पद्धतीने मोजलं तेव्हा न पचलेला भाग शिजवलेल्यात ६ टक्क्यांच्या आसपास आणि कच्च्यात ३५ निघाला.

आता तुमच्या दुपारच्या खोलीकडे येऊ. लहान आतड्यात न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. अंड्याच्या पांढऱ्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

रामबागची_सून

काका, हे मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा महिनाभरात पहिल्यांदा खळखळून हसले.

डंबेलदादा

एक मिनिट. मीही जिमवालाच आहे, भाच्याची बाजू घेऊ द्या थोडी. २०२२ साली नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला प्रयोग झालाय. व्यायामानंतर तरुण मुलांना पाच अंडी दिली, काहींना कच्ची, काहींना उकडलेली. स्नायूंमध्ये नवीन प्रथिन बनण्याच्या वेगात फरक सापडला नाही! मग कच्चं फुकट जातं असं कसं म्हणता?

टेस्टट्यूबकाका

दादा, बरोबर वाचलंत, आणि हा मुद्दा आणलात ते बरं केलंत. पण त्याच प्रयोगात कच्ची अंडी खाणाऱ्यांच्या रक्तात आवश्यक अमिनो आम्लांची वाढ सुमारे वीस टक्के कमी होती. तरीही स्नायूंना फरक पडला नाही, कारण पाच अख्ख्या अंड्यांत तीस ग्रॅम प्रथिन होतं. त्यातलं काही वाया गेलं तरी गरजेपुरतं उरलं. घरात तांदळाचं पोतं असेल तर चार मुठी सांडल्याचं कळत नाही. आणि हे फक्त व्यायामानंतरच्या काही तासांचं मोजमाप. पोट कसं राहिलं, संसर्ग झाला का, हे त्यात येत नाही.

भाचा सहा पांढरी पितो. आपल्याकडच्या मध्यम अंड्याचं पांढरं साधारण तीस ग्रॅम, त्यात प्रथिन सव्वातीन ग्रॅम. म्हणजे सहाचं वीसच्या आत. वर दिलेल्या दोन बेल्जियन प्रयोगांनुसार त्यातलं दहा ते तेरा ग्रॅम अंगी लागेल. चार उकडलेली खाल्ली तरी तेवढंच पडेल. दोन अंडी रोज मोरीत ओतल्यासारखं आहे हे.

पुणेरी_शंका

बायोटिनचं कुणीच बोलत नाही? कच्च्या पांढऱ्याने केस गळतात म्हणे.

टेस्टट्यूबकाका

बोलतो, कारण हा इतिहास मला फार आवडतो. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस या बाईंनी उंदरांना प्रथिन म्हणून कच्च्या अंड्याचं सुकवलेलं पांढरं दिलं. उंदरांची कातडी सोलवटली, केस गेले, चाल बिघडली. तेच पांढरं शिजवून दिलं की काही होत नव्हतं. कारण पुढे कळलं. पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन अगदी थोडं असतं, शेकडा ०.०५ च्या आसपास, पण ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं धरतं की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक. १९४२ साली अमेरिकेत काही स्वयंसेवकांनी आहाराचा मोठा वाटा म्हणून कच्चं पांढरं खाल्लं. काही आठवड्यांत कातडीला कोंडा, थकवा, अंगदुखी. बायोटिन टोचल्यावर बरे झाले.

शिजवलं की ॲव्हिडिनची पकड सैल होते. एखाद्या दिवशी कच्चं पोटात गेलं म्हणून टक्कल पडत नाही, पण रोज सहा, महिनोन्महिने, आणि बायोटिन ज्यात असतं तो पिवळा बलक फेकून? हा उलटा व्यवहार झाला.

रामबागची_सून

फेकून कुठलं, बलक मी गल्लीतल्या मांजरीला घालते. मांजर मात्र झकास झाली आहे.

किडनीवॉर्डातली_ताई

मी इंदुरातच मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते. भाच्याचं झालं, आता अण्णांबद्दल लिहिते, कारण त्यांचं गणित वेगळं आहे.

आधी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मूत्रपिंडं कमकुवत आहेत पण डायलिसिस सुरू नाही, अशांना बहुतेक वेळा प्रथिन कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की चित्र उलटतं, कारण त्या प्रक्रियेतच अमिनो आम्लं वाहून जातात. एरवी प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं मोजमाप आहे, डायलिसिसवाल्यांना साधारण १ ते १.२ लागतं. शेजारच्या काकांचा कागद बघून आपल्या घरी लागू करू नका.

पांढरंच का, तर फॉस्फरसमुळे. बिघडलेली मूत्रपिंडं तो बाहेर टाकू शकत नाहीत, तो रक्तात साठतो, अंगाला खाज सुटते, हाडं पोखरतात. एका बलकात साठाहून अधिक मिलीग्रॅम फॉस्फरस असतो, पांढऱ्यात पाचेक. डाळ, पनीर, दूध, दाणे यांतून तेवढंच प्रथिन घ्यायचं तर फॉस्फरस, आणि काहींत पोटॅशियमही, बरोबर येतं. म्हणून शाकाहारी घरांतही आम्हाला हा विषय काढावा लागतो. मी हा कागद देते तेव्हा समोरच्या सासूबाईंचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे.

अण्णांना कच्चं किंवा अर्धकच्चं अजिबात नको. त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते, आणि साल्मोनेलाने झालेले जुलाब त्यांना आपल्यापेक्षा फार महाग पडतील. आणि दुसरं, पांढऱ्यावर मीठ. आपल्याकडे उकडलेल्या अंड्यावर काळं मीठ, चाट मसाला, जिरावन, कधी वर शेवसुद्धा पडते. इंदुरी हात, थांबत नाही. एका पांढऱ्यात आधीच पन्नासेक मिलीग्रॅम सोडियम आहे. मिरपूड, लिंबाचे दोन थेंब, भाजलेल्या जिऱ्याची पूड, एवढंच.

पुणेरी_शंका

मग शिजवावं तितकं चांगलं, असं म्हणायचं का? अर्धा तास उकळलेलं अधिक पचेल?

टेस्टट्यूबकाका

नाही हो. गुंडी एकदा सुटली की काम झालं. पांढरं ६२ अंशांच्या सुमारास गोठू लागतं, कारण त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन आधी हार मानतं. ओव्हाल्ब्युमिन ८० च्या पुढे. बलक ६५ ते ७० मध्ये. जंतूंच्या हिशोबाने ७१ अंश आतपर्यंत पोचले की पुरे. (इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, आपलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. अंड्याला काही फरक पडत नाही, मला मात्र हे सांगायला आवडतं.)

त्यापुढे तापवत राहिलं की जाळं आवळत जातं आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. पांढऱ्यात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, ते गेलं की उरतं अण्णांचं रबर. घट्ट आवळलेल्या गोळ्यात पाचकरस शिरायला वेळ लागतो. कच्चं आणि शिजलेलं यांतल्या फरकापुढे हा फरक किरकोळ आहे, पण दात नसलेल्या माणसाने ते न चावता गिळलं तर किरकोळ राहत नाही.

आणि देवघरातला वास! पांढरं फार वेळ तापलं की त्यातल्या गंधकातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो बलकातल्या लोहाला भेटला की बलकाभोवती हिरवट-करडी कडी पडते. तुमच्या अंड्यांत ती असणारच. अपायकारक नाही, पण अंडं जास्त उकडल्याची ती पावती आहे. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं आणि लगेच गार पाण्यात, इतकं केलंत तरी निम्मी तक्रार मिटेल.

ग्वाल्हेरची_मावशी

आमच्याकडेही हेच होतं गं. माझे वडील चोरून परसात प्रायमसवर आमलेट करायचे, आईला पत्ता लागू नये म्हणून वर कांदा जाळायचे. आईला सगळं ठाऊक होतं. ती फक्त त्या दिवशी तुळशीला पाणी घालायला परसात जायची नाही.

डंबेलदादा

आमलेटचं काय मग? मी रोज चार पांढऱ्यांचं करतो.

टेस्टट्यूबकाका

पचायला उत्तम. फक्त तेलाकडे बघा. एका पांढऱ्यात सतराच्या आसपास उष्मांक, एका छोट्या चमचाभर तेलात पंचेचाळीस. चार पांढऱ्यांना दोन चमचे सोडलंत तर तेल पांढऱ्यांवर भारी पडलं. बलक टाकून चरबी वाचवायची आणि तव्यावर ती परत ओतायची, ही गंमत मी पुष्कळ पाहिली आहे. आणि कडा तपकिरी कुरकुरीत होतात तिथे लायसिन हे अमिनो आम्ल थोडं साखरेशी बांधलं जाऊन निकामी होतं. चवीला तोच भाग सर्वांत चांगला लागतो, तेव्हा त्यावर मी बोलत नाही.

बारीकसारीक

मायक्रोवेव्हमध्ये सालासकट अंडं ठेवू नका, एवढंच सांगायला आलो. छत अजून स्वच्छ झालेलं नाही.

लेकुरवाळी_पलासिया

विषय थोडा सोडून, पण शिजवण्याशी संबंधित. माझ्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणाले की पुष्कळ मुलांना केकमध्ये नीट भाजलेलं अंडं चालतं पण आमलेट चालत नाही. माझ्या मुलाला केकही चालला नाही. असं कसं?

टेस्टट्यूबकाका

ॲलर्जी कुठल्या प्रथिनाची त्यावर असतं. ओव्हाल्ब्युमिनचा आकार उष्णतेने मोडतो, म्हणून नीट भाजलेलं काहींना सोसतं. ओव्होम्युकॉइड उष्णतेला फारसं बधत नाही, त्याची ॲलर्जी असली तर भाजूनही उपयोग नाही. पण घरी चाखवून बघायचा प्रयोग करू नका, हे डॉक्टरांसमोरच.

किडनीवॉर्डातली_ताई

सूनबाई, अण्णांसाठी एक करून बघा. पांढरं वेगळं काढा, त्यात जवळजवळ तेवढंच पाणी घालून हलकं हलवा, फेस आणू नका. गाळून वाटीत ओता, वर झाकण ठेवा आणि मंद वाफेवर दहा-बारा मिनिटं. पाणी खळखळा उकळू देऊ नका, नाहीतर आत भोकं पडून स्पंज होतो. मधोमध सुरी घालून बघा, द्रव राहिलेला नको. खरवसासारखं मऊ होतं, चमच्याने तुटतं. घातलेलं पाणी मात्र त्यांच्या दिवसभराच्या पाण्याच्या हिशोबात धरा, वाटीभर का होईना.

आणि अंडी ताजी आहेत म्हणून ती सोलताना फाटतात अशी तक्रार असेल तर ती या पद्धतीत राहतच नाही.

छप्पनप्रेमी

खरवस! ताई, हा शब्द सासूबाईंसमोर वापरा, अंडं नका म्हणू. भिया, अर्धं काम नावानेच होतं.

रामबागची_सून

नऊ दिवसांनी लिहिते आहे, माफ करा, मधे अण्णांच्या फिस्टुलाची (डायलिसिसची सुई टोचायला हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीची) गडबड झाली.

वाफवलेलं जमलं. पहिल्या दिवशी भोकं पडली, तुम्ही सांगितलं तेच, आच मोठी होती. दुसऱ्या दिवसापासून बरोबर. वरून मिरपूड आणि जिऱ्याची पूड. अण्णा तीन पांढऱ्यांची वाटी संपवतात. चौथ्या दिवशी विचारलं, "यात काय घातलंयस?" मी म्हटलं, पाणी. विश्वास बसला नाही.

भाच्याला टेस्टट्यूबकाकांचा सगळा हिशोब वाचायला दिला. दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच गच्चीवर गेला. आता अण्णांच्या अंड्यांचे तीन बलक आणि दोन अख्खी अंडी एकत्र फेटून भुर्जी करतो, तेल मोजून. दुपारच्या खोलीत सगळे बसू शकतात. मांजर नाराज आहे.

आणि आता ऐका. काल संध्याकाळी मी गच्चीवर वाफ काढत होते आणि मागे पाऊल वाजलं. सासूबाई. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर जिना चढलेल्या नाहीत. कठड्याला टेकून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. झाकण उचललं तेव्हा जरा पुढे वाकल्या, नाकाला पदर लावला, मग काढला.

म्हणाल्या, "वास नाही येत की."

मी म्हटलं, नाही, आच मंद ठेवली की येत नाही.

मग खाली जाताना जिन्यावरून म्हणाल्या, "चिमूटभर हळद घाल त्यात. पांढरं फटक दिसतं, आजाऱ्याचं वाटतं."

काका, हळदीने प्रथिनाला काही होत नाही ना?

टेस्टट्यूबकाका

काही होत नाही. घाला.